मराठी साइटवर जीझिप: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांची साइट मी सांभाळते. लेख लांबलचक, वाचक बहुतेक मोबाइलवर, त्यातले बरेचसे जेमतेम रेंज असलेल्या गावांतले. गेले काही महिने एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर जीझिप, म्हणजे पानं पाठवण्याआधी दाबून लहान करण्याची सोय, चालू आहे. मराठी मजकुराची साइट असेल तर सगळ्यात आधी हे करा, थीम आणि प्लगइनच्या मागे नंतर लागा, असं मी ठामपणे सांगेन.

याचं कारण आपल्या लिपीत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३. काना, वेलांटी, हलन्त यांचेही वेगळे ३-३. नुसता ‘महाराष्ट्र’ हा शब्द ३० बाइट खातो! पण या तिनांपैकी पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा दोनच प्रकारचा. जीझिप नेमकं असं पुन्हा पुन्हा येणारं हुडकतं. मागच्या ३२ केबीत तोच तुकडा सापडला की तो परत न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच खूण ठेवतं. आमच्या लांब लेखांची पानं त्यामुळे मूळच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. फोनवर मजकूर उमटायला लागणारा वेळ डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला.

सेटिंगमध्ये एक गोष्ट नीट बघा. ‘जीझिप ऑन’ एवढंच लिहिलं तर फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी या फाइलींचे प्रकार जीझिप-टाइप्स या सेटिंगमध्ये स्वतः लिहावे लागतात. जेपीजी फोटो आणि डब्ल्यूओएफएफ२ फॉन्ट मुळातच दाबलेले असतात, त्यांच्यावर प्रोसेसर झिजवू नका. दाबण्याची पातळी १ ते ९ असते, न सांगितल्यास १. मी ५ वर ठेवली आहे. त्याच्या वर गेलं की आकार किंचितच घटतो आणि सर्व्हरचं काम मात्र वाढतं. आमचा सर्व्हर अगदी छोटा आहे, तरी ५ वर त्याने कधी कुरकुर केली नाही.

ब्रॉट्ली हे दाबण्याचं दुसरं तंत्रही लावून पाहिलं. पानं आणखी थोडी लहान होतात, पण ब्राउझर ते एचटीटीपीएसवरच मागतात आणि एनजिनएक्समध्ये त्याचं मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, वेगळं बसवावं लागतं. एनजिनएक्सची आवृत्ती बदलली की मॉड्यूलही तिच्या जोडीचं हवं. देखभालीला एकच माणूस असेल तर जीझिप पुरे.

लॉगिनच्या पानांवर मात्र मी ते बंद ठेवलंय. २०१३ मध्ये ब्रीच नावाचा हल्ला उघड झाला. पानात गुप्त टोकन, म्हणजे सुरक्षेसाठीचा सांकेतिक मजकूर, असेल आणि वाचकाने पाठवलेला मजकूरही त्याच पानात परत उमटत असेल, तर दाबलेल्या उत्तराच्या लांबीवरून ते टोकन हळूहळू ताडता येतं. लेखांच्या पानांवर असं गुपित काहीच नसतं, तिथे खुशाल चालू ठेवा. चालू झालंय का, हे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-एन्कोडिंग या ओळीत दिसतं.