पीसी हेल्थ चेक : जुना संगणक विंडोज ११ पेलेल का?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे घरातला संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे पाहण्यासाठी मी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन वापरले. निळ्या रंगाचे ‘चेक नाऊ’ बटण दाबताच काही क्षणांत निकाल येतो आणि ‘सी ऑल रिझल्ट्स’ उघडल्यावर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (पासवर्ड व सुरक्षा-किल्ल्या जपणारी सोय) यांची स्थिती वेगवेगळी दिसते. २०२१ च्या जूनमधील पहिल्या आवृत्तीत नकाराचे कारणच मिळत नसे. ती उणीव पुढे दूर झाली, हे फार बरे झाले.

माझ्या आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपला टीपीएमपाशी लाल फुली आली. सोय मात्र होतीच, फक्त बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘पीटीटी’ या इंटेलच्या नावाखाली बंद होती. ती सुरू करून पुन्हा तपासल्यावर हिरवी खूण उमटली. नेमका हा मार्ग साधनाने ठळकपणे सांगायला हवा, कारण तो ठाऊक नसल्याने धडधाकट संगणक भंगारात जाऊ शकतो. सातव्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरांना मात्र असा उपाय नाही.