माळा चढवायचा की भिंत उघडायची?

चर्चमध्ये जागा पुरेना म्हणून दुसरी उपासना सुरू करून झाली, मधल्या वाटेत खुर्च्या टाकून झाल्या, संडे स्कूलच्या खोलीत स्क्रीन लावून झाला, आणि तरीही दर रविवारी काही कुटुंबं दारातच उभी राहतात. तुमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, इथवर आली असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. अजून त्याआधीच्या टप्प्यावर असाल तर दुसरी उपासना हा सगळ्यात स्वस्त आणि बिनसिमेंटचा उपाय आहे. तो आधी वर्षभर मनापासून चालवून बघा.

बांधकाम करायचंच ठरलं की पंचांच्या बैठकीत तीन नकाशे येतात: आत माळा चढवणं, म्हणजे बाल्कनी, इमारत लांबवणं, आणि बाजूची भिंत उघडून रुंदी वाढवणं. सगळं पाडून नवं बांधू, हा चौथा पर्याय कुणीतरी उत्साही माणूस मांडतोच. दरम्यानच्या काळात उपासना कुठे करायची, एवढं विचारलं की तो सहसा गप्प होतो. तो पर्याय इथे सोडून देतो.

मी पूर्वी ज्या मंडळीत होतो तिथे माळा होता. आता जिथे आहे तिथल्या बांधकाम समितीत मी होतो, आणि आम्ही भिंत उघडली. लांबवलेल्या चर्चमध्ये मात्र मी पाहुणा म्हणूनच बसलोय, तेव्हा त्याबद्दलचं माझं मत तेवढ्याच वजनाचं समजा.

लांबी वाढवणं कागदावर सगळ्यात सरळ दिसतं. तेच छप्पर, तीच रुंदी, फक्त दोन-तीन गाळे, म्हणजे खांबांमधले टप्पे, जोडायचे. प्रवेशाच्या बाजूने वाढवलं तर वेदीला हातही लागत नाही, आणि ज्येष्ठांचा विरोध बहुतेक वेळा तिथेच मावळतो. अडचण येते ती गाण्यात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला पुढचा सूर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळतो. तो त्या सुराला धरून गातो, आणि त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर होतो. उपदेशात हे कुणाला कळत नाही. गीतात कळतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो तेव्हा आमच्याकडे ओळ संपत असताना पुढे नवी ओळ सुरू झालेली असायची, आणि वादक बिचारा वेग वाढवून सगळ्यांना ओढत न्यायचा. मागे वेगळे स्पीकर बसवता येतात, त्यांना योग्य तेवढा विलंबही देता येतो, आणि त्याने बोललेलं स्पष्ट होतं. पण मंडळीचं गाणं स्पीकरमधून येत नाही, ते माणसांमधून येतं.

लंडनच्या १६६६च्या आगीनंतर तिथली पन्नासच्या आसपास चर्चेस उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेनने उतारवयात, १७११च्या सुमारास, याचा हिशेब मांडून ठेवला होता. मध्यम आवाजाच्या उपदेशकाचं बोलणं समोर ५० फूट, दोन्ही बाजूंना ३०-३० फूट आणि पाठीमागे २० फूट ऐकू जातं, असं त्याचं म्हणणं. त्यावरून त्याने सुचवलेलं चर्च होतं ६० फूट रुंद आणि ९० फूट लांब. माइक नव्हते तेव्हाचा हिशेब आहे, पण रुंदीला त्यात किती मान आहे ते बघा. प्रामाणिकपणे हेही सांगतो की रेनच्या त्या मापात गॅलऱ्या धरलेल्या होत्या. म्हणजे माळ्याच्या बाजूने बोलणारा हा फार मोठा साक्षीदार आहे.

आणि माळ्याच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच बरंच आहे. जमीन लागत नाही. छपराला हात लागत नाही, त्यामुळे पावसाळ्याची भीती नाही. नवा पाया घ्यायचा तो मोजक्या खांबांपुरता. माळ्याच्या पहिल्या रांगेतून वेदी जशी दिसते तशी खालच्या मधल्या बाकांवरूनही दिसत नाही. गायनवृंद वर असला की सूर वरून उतरतो, ते सुख वेगळंच. तोटे अभियंता सांगेलच: मागच्या रांगांना कठड्यापलीकडचं दिसावं म्हणून पायऱ्या चांगल्या चढत्या लागतात, खालचं छत बुटकं होतं, माळ्याखाली शेवटी बसलेल्यांना आवाज दबका येतो. शेकडो माणसं एकदम उभी राहून एका तालात हलली तर बांधकामाने काय करायचं, हेही आधीच बघावं लागतं. हे सगळं पैसे टाकून सुटतं. मी एवढ्यावर माळ्याला नाही म्हटलं नसतं.

माझं मत फिरलं ते जिन्यामुळे.

आत जिना घेतला की बाक जातात, म्हणून जिना बहुधा बाहेरून किंवा दारालगतच्या कोपऱ्यातून घेतात. आमच्या त्या जुन्या चर्चमध्ये तसाच होता. आता रविवारचं चित्र डोळ्यांसमोर आणा. जुन्या कुटुंबांच्या जागा ठरलेल्या. पाटी कुठेच नाही, पण तिसऱ्या बाकावर कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक. नवीन माणसाला ते ठाऊक नसतं, तो जरा बिचकत, जरा उशिरा येतो, आणि दारातला स्वयंसेवक हसून वर बोट दाखवतो. लहान मुलं असलेल्यांनाही वर पाठवतात, रडली तर खाली त्रास नको म्हणून. थोड्याच काळात माळा भरतो तो सगळा नव्यांनी. उपासना संपली की पाळकसाहेब मुख्य दारात उभे राहून हस्तांदोलन करतात, आणि जिन्याने उतरलेले लोक त्यांच्या पाठीमागून थेट फाटकाकडे जातात. वरचे लवकर जातात, अशी तक्रार मी पंचांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्यांना थांबवणारा रस्ताच इमारतीने ठेवलेला नव्हता, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी पुढे जाऊन भाकर आणि प्याला घ्यायच्या, रविवारी हे उघडं पडायचं. खालच्या रांगा संपलेल्या, लोक जागेवर डोळे मिटून बसलेले, गीताची सगळी कडवी गाऊन झालेली, वादक शेवटचं कडवं पुन्हा वाजवतोय, आणि जिन्यावरून अजून एकेक माणूस उतरतोय. आपल्यासाठी अख्खी मंडळी खोळंबली आहे, हे उतरणाऱ्याला पाऊल टाकताना कळतं. हळूहळू गुडघेदुखीवाले उतरायचे थांबले, मग इतरही काही. भाकर आणि प्याला वर न्यायचं ठरलं. तर वर पंच देतात आणि खाली पाळकसाहेब, यातून आपल्या वाट्याला दुय्यम काही येतंय असं कुणाला तरी वाटलंच. लिफ्टने गुडघ्यांचा प्रश्न सुटेल, हा नाही. बैठकांमध्ये ‘वरचे’ आणि ‘खालचे’ असे शब्द सर्रास वापरले जाऊ लागले तेव्हा मला ते चर्च एकाच छपराखालच्या दोन मंडळ्यांसारखं वाटायला लागलं. आपण जागा वाढवली होती ती नव्या माणसांसाठी, आणि नेमकी तीच आपल्यापासून दूर बसवली होती.

हे माझ्या एका चर्चपुरतं असेलही. पण वर कोण बसणार, या प्रश्नाला जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस गर्दी वाढली म्हणून गॅलरी बांधली. तिच्या कामासाठी कृष्णवर्णीय सभासदांनीही वर्गणी दिली होती. गॅलरी तयार झाल्यावर त्यांनाच तिच्यात बसायला सांगितलं गेलं, आणि तिथेही पुढची जागा धरल्याबद्दल प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला सुरुवात झाली. रिचर्ड ॲलन, अॅब्सलम जोन्स आणि त्यांचे सोबती चर्चबाहेर पडले. ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं केलं आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. तिथे मुळाशी वंशभेद होता. साध्या जिन्याशी त्याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. इतकंच, की इमारतीत वरची जागा तयार झाली की तिथे कुणाला पाठवायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवणारा सहसा खाली बसलेला असतो.

रुंदीकडे येऊ. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं जे चर्च उत्खननात सापडलं, ते आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या चर्चेसपैकी एक. मूळचं ते साधं राहतं घर. दोन खोल्यांमधली भिंत काढून तिथल्या मंडळीने मोठं दालन केलं होतं आणि एका टोकाला बुटका चौथरा घातला होता. २५६च्या सुमारास ते शहर पडलं, म्हणजे हे काम त्याच्याही आधीचं. भिंत उघडून जागा करणं हा आपल्या इमारतींचा इतका जुना रिवाज आहे.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चेसनी हेच केलं, आणि त्यांची पद्धत आजही तशीच्या तशी वापरता येते. आधी बाहेर नवी भिंत उभी करायची, तिच्यावर छप्पर घालून घ्यायचं, आणि तोवर जुन्या भिंतीला हात लावायचा नाही. आत उपासना चालू राहते. सगळ्यात शेवटी जुन्या भिंतीत कमानी फोडायच्या. आम्ही कमानींऐवजी तुळया टाकल्या, पण क्रम हाच ठेवला, आणि मंडळीला बाहेर जावं लागलं ते फक्त भिंत फोडण्याच्या काळात. धूळ मात्र पुढे कितीतरी दिवस गीतपुस्तकांच्या पानांतून निघत होती.

इमारत खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असेल तर मधली भिंत काढणं सोपं जातं. भिंतच छप्पर तोलत असेल तर तात्पुरते टेकू देऊन वरचा भार पेलायचा, तुळई बसवायची आणि मग खालचं फोडायचं. हे काम स्वस्तातल्या ठेकेदाराला देऊ नका.

रुंदीचे तोटेही सांगतो, नाहीतर मी विकायला बसलोय असं वाटेल. पहिला, खांब. भिंत गेली तरी तिचे काही खांब राहतातच आणि त्यांच्यामागे बसणाऱ्याला वेदी दिसत नाही. आम्ही बाजूचे बाक वेदीकडे थोडे तिरके लावले आणि खांबांच्या थेट मागे बाक ठेवलेच नाहीत. ती जागा व्हीलचेअर आणि बाबागाड्या वळवायला मोकळी सोडली. काही जागा त्यात गेल्या. दुसरा, उजेड. जुन्या खिडक्या आता आतल्या बाजूला येतात. नवं छप्पर जुन्या वळचणीच्या बरंच खाली ठेवता आलं तर वर झरोके काढता येतात. नाही जमलं तर मधला भाग दिवसाही दिव्यांवर राहतो. तिसरा आणि सगळ्यात चिवट म्हणजे जुनं आणि नवं छप्पर मिळतं तिथली पन्हळ. पाणी तिथे साचतं, पानं तिथे अडकतात, आणि गळायचं असेल तर तिथेच गळतं. पन्हळ रुंद घ्या, तिच्यात उभं राहून साफ करता येईल एवढी. नकाशात ती एक बारीक रेघ असते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

आणि जमीन तर लागतेच. बाजूला दफनभूमी असेल, हद्दीपासून सोडायचं अंतर आधीच कमी असेल, तर हा पर्याय तिथेच संपतो. एकाच बाजूने वाढवलं तर वेदी मध्यावर राहत नाही, हेही काहींच्या डोळ्यांना खुपतं. आमच्याकडे सुरुवातीला खुपलं. आता तो विषय कुणी काढत नाही.

मिळालं काय? मोजून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नवी कुटुंबं आता बाजूच्या भागात बसतात, म्हणजे तेही थोडं वेगळंच झालं म्हणा. पण त्यांच्या आणि आमच्या बाकांत फक्त खांब आहेत. प्रभुभोजनाला दोन्हीकडच्या रांगा एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी संपतात. बाहेर पडायला सगळ्यांना तेच मुख्य दार आहे, कारण बाजूचं दार आम्ही आपत्कालीन म्हणून ठेवलं आणि एरवी त्यातून कुणी जाऊ नये अशी व्यवस्था केली. गाणं, माझ्या कानाला तरी, एकसंध येतं.

तुमच्याकडे बाजूला जागा असेल तर मी भिंत उघडण्याच्या बाजूने आहे, हे एव्हाना कळलंच असेल. जागा नसेल आणि इमारतीला उंची असेल, तर माळा करा. लांबवण्यापेक्षा मी तोही पत्करेन. मात्र दोन गोष्टींवर बैठकीत अडून बसा. जिना मुख्य दाराच्या आत उतरवा, त्यात चार-सहा बाक गेले तरी चालतील. आणि माळ्यावर गायनवृंद, तरुण मंडळी आणि पायऱ्या चढू शकणाऱ्या पंचांची कुटुंबं बसतील असा ठराव काम सुरू होण्याआधी करून घ्या, म्हणजे खालचे बाक नव्यांना मिळतील. आमच्या समितीत मी हा ठराव आधी मांडला होता. त्यानंतर माळ्याच्या बाजूचे बरेच हात खाली आले.