शेकानंतरची मॅमोग्राफी: केंद्र निवडताना आधी हे बघा

स्तन वाचवून कर्करोगाची गाठ काढली आणि शेक (रेडिएशन) पूर्ण झाले, की साधारण 6 ते 12 महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, होते, पुढे दरवर्षी. ती चुकवू नयेच. पण केंद्र निवडताना यंत्र किती नवं आहे, याच्या आधी काउंटरवर जुन्या फिल्म आणि सीडी मागतात का, ते बघा. न मागणाऱ्या केंद्राला आम्ही निम्मेच गुण देऊ.

उपचार झालेला स्तन एका फिल्मवरून वाचता येत नाही. ऑपरेशनचा व्रण आत ओढलेल्या, काटेरी रेषांचा दिसतो आणि नवा कर्करोगही तसाच दिसू शकतो. शेकाने कातडी जाड होते, आत सूज राहते. ती 2-3 वर्षांत बरीच ओसरते. व्रण वर्षागणिक आक्रसत असेल तर उत्तम. स्थिरावलेला व्रण पुन्हा वाढू लागला किंवा ओसरलेली सूज परतली, तर बायोप्सीचा विचार करावा लागतो. कॅल्शियमचे कण मेलेल्या चरबीभोवती अंड्याच्या कवचासारखे जमले तर निरुपद्रवी. बारीक, वेडेवाकडे, ओळीने पसरणारे कण मात्र संशयाचे. असे कण पकडण्यात मॅमोग्राफी सरस आहे, सोनोग्राफीत ते अनेकदा निसटतात.

दाट (चरबी कमी, ग्रंथी जास्त असलेल्या) स्तनात मॅमोग्राफी कमी पडते: ऊती पांढऱ्या, गाठही पांढरी. लोब्युलर (दूधग्रंथींशी संबंधित) प्रकारचा कर्करोग तर पुष्कळदा ठळक गाठ न करताच पसरतो. थ्रीडी मॅमोग्राफीत एकावर एक पडलेल्या सावल्या सुटतात, तरी दाट स्तनाला सोनोग्राफीची जोड हवी. काखेचा सगळा भाग चित्रात येत नाही; हाडं, यकृत, फुप्फुसं यांबद्दल तर ही तपासणी काहीच सांगत नाही. पूर्ण स्तन काढलेल्या बाजूची मॅमोग्राफी सहसा करत नाहीत, तिथे डॉक्टरांनी हाताने तपासायचं. दुसऱ्या स्तनाची मात्र करायचीच.

त्या दिवशी डिओ, पावडर नको. फिल्मवर त्यांचे कण कॅल्शियमसारखे दिसतात. चांगले तंत्रज्ञ व्रणावर बारीक तार चिकटवतात, म्हणजे वाचणाऱ्याला त्याची जागा कळते. शेक घेतलेला स्तन दाबताना जास्त दुखतो, हे आधीच सांगा. दाब सावकाश वाढवता येतो, पण तो फार कमी ठेवला तर चित्र धूसर येतं.

रिपोर्टवर बायरॅड्स हा निष्कर्षाचा ठरावीक आकडा असतो. त्यातला 0 म्हणजे धोका शून्य नव्हे, तपासणी अपुरी. पुढची चित्रं किंवा सोनोग्राफी लगेच करून घ्या. आणि 2 (निरुपद्रवी) आला, तरी हाताला नवी गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी, गरज पडल्यास सुईची तपासणी करून घ्यावी.