जवसाची चटणी एक नंबर, पुढचं लेबल मात्र नाही

पंचवटीतल्या एका लाकडी घाणेवाल्याकडची जवस चटणी सध्या आमच्याकडे रोज ताटात असते. चवीला बोलायचं कामच नाही, जवस खमंग भाजलेत, लसूण उगाच पुढं पुढं करत नाही, बाजरीच्या भाकरीवर कच्चं तेल घालून घेतली तर भाजी नसली तरी चालतं. २०० ग्रॅमचे १२० रुपये, ठीकच आहे.

घोळ आहे पाकिटावर. पुढं मोठ्ठ्या अक्षरात 'ओमेगा ३ - १७ ग्रॅम' आणि मागं तक्त्यात बघा, १०० ग्रॅममागे टोटल फॅट ३७ अन् त्यातलंच पॉलीअनसॅच्युरेटेड (फॅटचा एक प्रकार) १७, म्हणजे पॉलीचा अख्खा आकडा उचलून पुढं चिकटवलाय राव! पॉलीमधे ओमेगा ३ पण येतं आणि ६ पण, त्यात शेंगदाण्यात ३ जवळपास नसतंच, तिळात नावाला. घटक लिहिलेत शेंगदाणे ४० टक्के, जवस ३०, तीळ १०, बाकी मिरची-लसूण-मीठ. १०० ग्रॅम जवसात साधारण २२-२३ ग्रॅम ओमेगा ३ धरा, त्याचे ३० टक्के म्हणजे पावणेसातच्या आसपास. उरलेलं सगळं ओमेगा ६, शेंगदाण्याचं सहा, तिळाचं दोन, जवसाचं स्वतःचं दोनेक, बेरीज जुळते की सतराशी! म्हणजे मागचा तक्ता खरा, पुढचं डिझाइन करणाराच जास्त हुशार. जवसाचा वाण बदलला की आकडा थोडा हलतो, पण पावणेसातचे सतरा होत नाहीत.

तरी पावणेसात काही कमी नाही हां. १० ग्रॅमचा चमचा खाल्ला तर पाऊण ग्रॅमच्या जरा खाली मिळतं, अमेरिकेतली शिफारस बायकांना दिवसाला १.१ आणि पुरुषांना १.६ ग्रॅमची आहे. फक्त हे एएलए आहे, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा ३, माशातल्या ओमेगा ३ सारखं ईपीए-डीएचए नाही, आणि शरीर त्याचं फार थोडं तसं करून घेतं, त्यामुळं 'बांगड्याला पर्याय' असं काउंटरवर सांगतात ते सोडून द्या.

जवस लवकर खवट होतं, त्यामुळं दारात उन्हात टांगलेली पाकिटं घेऊ नका, आतल्या डब्यातली ताजी मागा, कुरकुर न करता देतात, आणि घरी आणली की फ्रीजमधे. खुरासणीच्या चटणीवरही तोच ओमेगा ३ चा स्टिकर आहे, तिच्यात तर बहुतेक सगळं ६ च. ४ स्टार देतोय, एक स्टिकरपायी कापला.