अंदमानातील मासेमारीची सहल आणि माझे २,०८,५०० रुपये

मी २,०८,५०० रुपयांना फसलो. त्यातील निम्मे पैसे माझ्या मित्राचे होते आणि त्याने ते केवळ माझ्या शब्दावर दिले होते, त्यामुळे हे लिहिताना संतापापेक्षा लाजच अधिक वाटते. तरीही लिहितो आहे, कारण हा उद्योग करणारी माणसे अजून धंद्यात आहेत आणि त्यांचे पुढचे गिऱ्हाईक माझ्यासारखेच, म्हणजे जायंट ट्रेव्हॅलीच्या वेडाने झपाटलेले आणि स्वतःला जाणकार समजणारे असणार आहे. आगाऊ रक्कम घेऊन बेपत्ता होणारे सहल-आयोजक कसे काम करतात हे सर्वांना ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. ठाऊक असूनही कसा फसलो, एवढेच सांगण्याजोगे आहे.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जायंट ट्रेव्हॅली, ज्याला आम्ही नुसते जीटी म्हणतो, हा उष्ण समुद्रातील प्रवाळबेटांच्या कडेने शिकार करणारा अतिशय ताकदवान मासा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर पॉपर, म्हणजे तरंगणारे नकली आमिष, आपटत ओढायचा आणि खालून तो उसळून येण्याची वाट पाहायची, यालाच पॉपिंग म्हणतात. या माशाचा जागतिक विक्रम ७२.८० किलोचा असून तो २००६ साली जपानच्या तोकारा बेटांपाशी झाला. आपल्याकडे तेवढा मोठा मासा लागण्याची आशा कोणी धरत नाही, पण वीस-तीस किलोंचा जीटी अंदमानात खरोखरच लागतो, आणि तो लागावा म्हणून माझ्यासारखी माणसे वर्षभर पैसे साठवतात. मासा लागला की मोजमाप आणि छायाचित्र घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडायचा असतो. हा शेवटचा तपशील पुढे पोलीस ठाण्यात फार महागात पडला.

डिसेंबर २०२४ मध्ये समाजमाध्यमावर एक जाहिरात दिसली. दोघांसाठी चार दिवसांची बोट, मुक्काम, जेवण आणि विमानतळावरून ने-आण मिळून २,९६,००० रुपये. ओळखीतल्या एका आयोजकाने अशाच सहलीचे ३,४०,००० सांगितले होते. फरक ४४,००० रुपयांचा, म्हणजे शंका यावी इतका मोठा नाही आणि मोह पडू नये इतका लहानही नाही. लोक म्हणतात की अति स्वस्त दिसले की सावध व्हावे. ज्याला हे नियम माहीत असतात तो भाव अति स्वस्त ठेवतच नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

शिवाय त्या माणसाला विषय येत होता, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी पुन्हा पुन्हा सांगत असतो. माझ्या रीलवर किती जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आहे, तिच्या टोकाला जोडायचा जाड धागा, म्हणजे लीडर, किती पौंडांचा आहे, गळाचे उलटे काटे मी चपटे करून आणणार की नाही, असे सगळे प्रश्न त्याने आपणहून विचारले. ब्रेड आणि लीडर जोडण्याच्या एफजी नॉट नावाच्या गाठीवर तो माझ्याशी वीस मिनिटे बोलला. तारखाही त्यानेच सुचवल्या, २७ फेब्रुवारी ते २ मार्च. २८ फेब्रुवारीची अमावास्या धरून उधाणाच्या भरतीत प्रवाहाला जोर असतो आणि जीटी तेव्हाच खवळून खातो, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असतानाच्या, पाण्यावर येऊन पैसे वाया घालवू नका, असे तो म्हणाला. हे सर्व बरोबर होते. ज्याला उधाण आणि भांग कळते तो बोटवालाच असणार, असे मी समजलो. वास्तविक ही माहिती कोणालाही संध्याकाळभर वाचून मिळते. आयोजक किती जाणकार आहे हे तपासत बसू नका, त्याची बोट तपासा. बोटीचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्याच दिवशीचे वर्तमानपत्र हातात धरून धक्क्यावरून व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा माणूस चार शिव्या देईल, पण करील.

११ जानेवारीला मी १५,००० रुपये बयाणा पाठवला. निम्म्या रकमेतील उरलेले १,३३,००० रुपये १४ तारखेला द्यायचे ठरले होते. या दोन तारखांच्या मधल्या रात्री जे घडले, ते मला अजूनही झोपू देत नाही.

१३ जानेवारीच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास त्याने ‘कालची पकड’ म्हणून सहा छायाचित्रे पाठवली. पाच जीटींची होती. सहाव्यात टोपी घातलेला एक माणूस दोन्ही हातांवर मासा आडवा धरून उभा होता, आणि त्या माशाच्या पाठीवर कंगव्याच्या दात्यांसारखे लांबलचक काटे उभे होते. मी दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि काटे मोजले. सात होते. अंगावरून गडद पट्टे तिरके खाली गेलेले. तो रूस्टरफिश होता, आणि रूस्टरफिश मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्यालगत, प्रशांत महासागराच्या पूर्व बाजूलाच आढळतो. अंदमानात ‘काल’ तो पकडला जाणे म्हणजे गीरच्या जंगलात काल कांगारू दिसल्यासारखे आहे. हे मला त्या क्षणी कळत होते. नंतर कळले असते तर निदान अज्ञानाचा आधार तरी मिळाला असता.

मी ‘हा मासा तुमच्याकडचा वाटत नाही’ असे वाक्य फोनवर लिहिले. ते पाठवण्याआधी दोनदा वाचले. मग वाटले की बिचाऱ्याने कुठले तरी जुने चित्र चुकून जोडले असेल, उगाच संशय घेतला तर अपमान होईल, आणि उधाणाच्या तारखांना मागणी आहे हे त्याने दोन दिवसांत तीनदा सांगितले होते. मी एकेक अक्षर मागे घेत ते वाक्य पुसले आणि त्याऐवजी अंगठा उंचावलेले चिन्ह पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी १,३३,००० रुपये पाठवले. तो दिवस संक्रांतीचा होता. त्यावर विनोद करण्याची सोय मी इतरांसाठी सोडतो.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपवर खातेदाराचे जे नाव आले ते तयार कपड्यांच्या दुकानाचे होते. विचारल्यावर ‘भावाचे चालू खाते आहे, कराच्या सोयीसाठी’ असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले, कारण तोवर मला पटवून घ्यायचेच होते. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. भाऊ असो वा मेहुणा.

३ फेब्रुवारीला त्याने ‘विशेष परवाना शुल्क’ म्हणून १८,५०० रुपये मागितले. तिसऱ्या दिवशी जॉली बॉय बेटाच्या कडेने गळ टाकायचा असल्याने हा परवाना लागतो, असे सांगून सरकारी वाटेल अशा मोहोरेचे एक पत्रही पाठवले. जॉली बॉय हे १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला मनाई असते. म्हणजे जो परवाना असूच शकत नाही त्याचे मी पैसे भरले. मी उद्यानाची हद्द कुठवर आहे ते पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर पाहायचे टाळले, हे इथे कबूल करतो. जो आयोजक बंदी असलेल्या पाण्यात नेण्याचे आमिष दाखवतो तो प्रामाणिक असला तरी त्याच्याबरोबर जाऊ नये.

शेवटचे ४२,००० रुपये डिझेलची परत मिळणारी अनामत म्हणून गेले. त्याआधी १८ फेब्रुवारीला सायंकाळी साडेसहा वाजता त्याने बोटीचा व्हिडिओ पाठवून ‘आत्ताच परतलो, बोट तुमच्यासाठी धुऊन ठेवतो’ असे लिहिले होते. व्हिडिओत लख्ख ऊन होते. अंदमान इतके पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि साडेसहाला पूर्ण काळोख असतो. उधाणाचे वेळापत्रक पाठ असलेल्या मला सूर्यास्ताची वेळ पाहण्याचे सुचले नाही. १९ तारखेला पैसे गेले.

२६ फेब्रुवारीला आम्ही दोघे सात फुटी रॉडच्या नळ्या खांद्यावर घेऊन विमानतळाबाहेर उभे राहिलो. घ्यायला कोणी आले नाही. फोन बंद. दुपारी धक्क्यावर गेलो आणि तिथल्या एका वयस्क बोटवाल्याला बोटीचे छायाचित्र दाखवले. अशी बोट या धक्क्यावर कधी लागलेली नाही, असे त्याने सांगितले. मग त्याने माझ्या फोनवरची पुढची चित्रे आपणच सरकवत पाहिली, सहाव्या चित्रावर थांबला, अंगठ्याचे नख त्या काट्यांवर ठेवले आणि हा कुठला मासा, असे मला विचारले. मित्र माझ्याकडे पाहत होता. मी ‘माहीत नाही’ म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मी स्वतः बोललेले ते एकमेव खोटे आहे.

परतीची तिकिटे ३ मार्चची होती आणि ती बदलण्याएवढे पैसे उरले नव्हते, म्हणून चार दिवस आम्ही किनाऱ्यावरून ते उधाण पाहिले. पाणी खरोखर उत्तम होते.

आता दाद मागण्याविषयी. पहिली चूक आमचीच झाली. फोन लागेल, काही अडचण असेल, अशा आशेवर आम्ही तीन दिवस घालवले आणि १ मार्चला तक्रार केली. पैसे गेल्याचे लक्षात येताच, धक्क्यावर उभे असतानाच, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. लाज नंतर वाटून घ्या. आमची तक्रार नोंदली गेली तेव्हा रक्कम पुढच्या तीन खात्यांतून निघून गेली होती आणि पहिल्या खात्यात ३,२१७ रुपये शिल्लक होते. ते गोठवण्यात आले. ते परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल, असे मला सांगण्यात आले.

बेटावरील ठाण्यात सांगितले की पैसे जिथून गेले तिथे तक्रार द्या. घरी परतल्यावर जवळच्या ठाण्यात गेलो, तर फसवणूक जिथे उघड झाली तिथे तक्रार द्यायला हवी होती, असे उत्तर मिळाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितले. अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला, त्यावर चहाचा पेला ठेवला आणि मला विचारले, ‘‘तीन लाख रुपये देऊन मासे पकडायला चालला होता?’’ मी हो म्हणालो. ‘‘आणि पकडून काय करणार होता?’’ सोडून देणार होतो, असे मी खरे ते सांगितले. त्यानंतरची पंधरा मिनिटे त्या खोलीत माझ्या तक्रारीवर नव्हे तर माझ्या बुद्धीवर चर्चा झाली. मीच गळाला लागलो हा विनोद तिथे प्रथम ऐकला. आतापर्यंत अकरा जणांनी ऐकवला आहे.

त्या ठाण्यात मी पाच वेळा गेलो. दुसऱ्या वेळी संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते, तिसऱ्या वेळी रजेवर, चौथ्या वेळी त्यांची बदली झाली होती आणि नव्या अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून सगळे सांगावे लागले, रूस्टरफिशसकट. त्यांनी ऐकून घेतले, हे मान्य करतो. पाचव्या वेळी हातात जो कागद पडला त्यात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे म्हटले होते. खोटी मोहोर उठवून बनवलेला परवाना, अस्तित्वात नसलेली बोट आणि कपड्यांच्या दुकानाचे खाते यांत दिवाणी काय आहे, हे मी लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. फसवणुकीचे कलम ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचे ३१८ आले, पण अर्ज घेऊन येणाऱ्याला दारातून परतवण्याची पद्धत तीच राहिली.

बँकेने तर त्याहून सोपा मार्ग काढला. व्यवहार ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन केले असल्याने बँकेचे कोणतेही दायित्व नाही, असे तीन ओळींचे पत्र आले. माझा पैसा परत द्या, असे मी म्हटलेच नव्हते. कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या त्या खात्यात अनोळखी माणसांकडून लाखो रुपये येतात आणि त्याच दिवशी बाहेर जातात, हे त्या खात्याच्या बँकेला कसे दिसले नाही, एवढेच विचारले होते. ग्राहक आयोगाचा रस्ताही चालून पाहिला. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क पडत नाही, ही तरतूद चांगली आहे. परंतु नोटीस बजावायला पत्ता लागतो, आणि माझी नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. म्हणून पहिला रुपया देण्याआधी पावतीवर पूर्ण पत्ता मागा आणि त्या पत्त्यावर स्पीड पोस्टने एक साधे पत्र पाठवून पाहा. टपालाचा तो खर्च मी वाचवला होता.

मित्राचे १,०४,२५० रुपये मी हप्त्याने फेडतो आहे. तो नको म्हणतो, पण सहाव्या छायाचित्राविषयी मी त्याला अजून सांगितलेले नाही, त्यामुळे त्याच्या नकाराला अर्थ नाही. हे वाचून त्याला कळेल.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. भाव आता ३,१०,००० झाला आहे. मी खाली इशारा लिहिला. चार मिनिटांत तो पुसला गेला आणि मला ब्लॉक केले गेले. छायाचित्रे जुनीच आहेत, फक्त आरशात पाहावीत तशी उलटी केली आहेत. सहावे चित्रही तिथेच आहे, आणि काटे मोजले तर सातच भरतात.