जुनी काडतुसं ठाण्यात जमा करावी की दुकानात परत द्यावी?

धान निसवायला लागलं, तुरीला फुलोरा आला की उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या गावांमधून परवान्याच्या बंदुका पुसायला निघतात. डुक्कर आणि रोही (नीलगाय) रात्रीतून वावर साफ करतात, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना ज्यांच्याकडे आहे ते या दिवसांत डबा उघडतात. त्याच डब्याच्या तळाशी नको असलेली काडतुसं सापडतात. कुणाची कागदी नळी पावसाळ्याच्या ओलीनं फुगलेली, कुणाच्या पितळेवर हिरवा काट चढलेला. एखाद्याच्या तोंडाची घडी उकलून छर्रे डब्यात सांडलेले. आणि एखादं दिसायला धडधाकट, पण बुडाच्या, बारूद पेटवणाऱ्या टोपीवर पिनेचा ठसा असलेलं, म्हणजे घोडा पडूनही न वाजलेलं. मग कुणीतरी विचारतं, "भाऊ, यायचं काय करू आता?"

रस्ते दोनच आहेत. जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची, नाहीतर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नेऊन द्यायची. मी दोन्ही केलं आहे. दोन्हींत काही ना काही जाच आहे, पण एका जाचानं माझा निकाल लावला, आणि मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

त्याआधी गावातले तिसरे रस्ते बाजूला सारू. "वाजवून संपवा" हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात घातक आहे. ओल लागलेली बारूद अर्धवट जळते, छर्रे कसेबसे निघतात किंवा निघतही नाहीत आणि बारूद आणि छर्रे यांच्या मधली नमद्याची चकती नळीत अडकून राहते. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुटते, तीही धरणाऱ्याच्या डाव्या हाताशी. फुगलेलं काडतूस अंगठ्यानं दाबून चेंबरमध्ये बसवणारेही पाहिले आहेत. जे आपल्या वजनानं आत उतरत नाही, ते आत घालायचंच नाही. लग्नात, दिवाळीत वाजवून टाकू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की २०१९ च्या दुरुस्तीनंतर लोकांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार हा शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

चुलीत किंवा धुऱ्यावरच्या जाळात टाकलेलं काडतूस बंदुकीसारखा नेम धरत नाही हे खरं, पण पितळेचा तुकडा आणि टोपी सुटून डोळ्यात बसायला नेम लागत नाही. विहिरीत टाकलं तर शिसं पाण्यात गेलं. पुरलं तर पुढच्या नांगरटीत वर येणार. सांडलेले छर्रे कोंबड्या खडे समजून टिपतात आणि शिसं अंगात भिनून मरतात. तेलात किंवा पाण्यात बुडवून ठेवलं की मेलं, असंही समजू नका. टोपी ओली होऊन पुन्हा वाळली तर वाजू शकते. कापून बारूद काढण्याबद्दल तर बोलायलाच नको. अंगठा, डोळा आणि कायदा, तिन्ही एकदम जातात. शिवाय सुटी बारूद कुठे पोहोचते ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. डुकरासाठी कणकेत भरून ठेवलेल्या गोळ्यानं गाईचा जबडा फाटलेला ज्यानं पाहिला आहे, तो बारूद मोकळी ठेवणार नाही.

आता दुकान.

दुकानाच्या बाजूनं सांगण्यासारखं खूप आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. आमच्याकडून दुकान म्हणजे नागपूर. तिथला माणूस काडतूस हातात घेतल्याबरोबर ओळखतो. मी नेलेली त्यानं टेबलावर कापड टाकून एकेक आडवी मांडली, पितळेच्या कडेवरून नख फिरवलं आणि दोन मला परत दाखवली: "काकाजी, हे दोन चांगले आहेत, वरूनच मळले. हे बाकीचे ठेवा इथंच." ठाण्यात ही पारख होत नाही. तिथे चांगलं-वाईट सगळं एका भावात जमा. दुकानदार रोज हाच माल हाताळतो, त्याच्याकडे साठ्याची वेगळी जागा असते, आगीपासून दूर ठेवायचं त्याला सांगावं लागत नाही. बोलणं सरळ असतं, कुणी संशयानं बघत नाही. अर्ध्या तासात मोकळं होता येतं. नवी घ्यायची असतील तर तीही तिथूनच, परवान्यावर नोंद करून.

जाच दोन. पहिला जाण्याचा. बिघडलेली काडतुसं एसटीत नेणं मला योग्य वाटत नाही. स्फोटक पदार्थ घेऊन प्रवासी गाडीत बसायला मनाईच आहे आणि ती रास्त आहे. स्वतःची गाडी किंवा मोटरसायकल काढावी लागते. अभयारण्याच्या रस्त्यावर वनविभागाचा नाका असला की पिशवी उघडावी लागते. त्यांचंही चुकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे त्या पट्ट्यात काडतूस दिसलं की चौकशी होणारच. परवान्याचं पुस्तक सोबत असेल तर दहा मिनिटांत सुटका होते. हा जाच मी सोसला असता.

दुसरा जाच कागदाचा. दुकानातून मला जी चिठ्ठी मिळाली तिच्यावर तारीख होती, शिक्का होता, माझा परवाना क्रमांक होता, आणि मालाच्या रकान्यात लिहिलं होतं: "जुना माल, १ डबा."

डबा म्हणजे किती? त्या वेळी दुकानदाराला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण परवान्याच्या नूतनीकरणाला जिल्हाधिकारी कार्यालयात कागद ठेवले तेव्हा समोरच्या लिपिकानं पुस्तकातल्या खरेदीच्या नोंदी एका बाजूला लिहिल्या, वापरलेली आणि शिल्लक दुसऱ्या बाजूला, आणि मधे जी तूट आली तिच्यावर पेन्सिलीनं गोल केला. मी चिठ्ठी पुढे केली. त्यानं वाचली आणि शांतपणे विचारलं, "डब्यात नग किती होते?" त्याचा प्रश्न बरोबर होता. तो गोल पुसायला जे हेलपाटे झाले, दुकानातून नगवार दाखला आणावा लागला, त्याची वेळ सगळी कापूस वेचणीची. मजूर वावरात आणि मी नागपुरात.

शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. आमच्या भागात काडतुसाचा हिशेब किरकोळ नसतो. पूर्वेला गडचिरोलीचा जिल्हा आहे, आणि तिथल्या इतक्या वर्षांच्या घडामोडींमुळे एकेका राऊंडची नोंद बघायची सवय या भागातल्या कचेऱ्यांना लागलेली आहे. चार काडतुसं कुठे गेली ते कागदावर नसेल, तर तो नुसता विसरभोळेपणा धरला जात नाही. सगळेच दुकानदार असं लिहितात असं मी म्हणत नाही. नीट नगवार पावती देणारेही असतील, आणि आपण अडून मागितली तर बहुतेक देतीलही. पण मागावी लागते, आणि दुकानात गर्दी असली की मागायला संकोच होतो.

ठाण्यात याच्या अगदी उलट. तिथे सगळं हळू, पण जे होतं ते मोजून होतं.

ठाण्याचा मोठा त्रास म्हणजे मुद्देमाल सांभाळणारा हवालदार जागेवर सापडणं. त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही. पोळा, गणपती, देवी, या दिवसांत गेलात तर तो बंदोबस्तावर असतो आणि उत्तर ठरलेलं असतं, "सोमवारी या." सोमवारी तो न्यायालयात साक्षीला गेलेला असतो. ठाण्याची पायरी चढताना शेजारीपाजारी बघतात, घरी विचारतात की झालं तरी काय. पहिल्यांदा जाणाऱ्याला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. नवीन अंमलदार असला तर तो आधी पाच प्रश्न विचारतो: कुठून आली, इतके दिवस का ठेवली, बंदूक कुठे आहे. उत्तरं खरी असली की प्रश्न संपतात.

पण एकदा तो हवालदार खुर्चीवर सापडला की पुढचं काम बघण्यासारखं असतं. त्यानं माझी काडतुसं टेबलावर उभी न करता आडवी ठेवली, मोठ्यानं मोजली, मला मोजायला लावली. किती कागदी, किती प्लास्टिकची, किती टोपीवर ठसा असलेली, हे वेगवेगळं लिहिलं. स्टेशन डायरीत नोंद केली, तिचा क्रमांक माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर टाकला, खाली सही आणि गोल शिक्का. ती प्रत मी परवान्याच्या पुस्तकात घडी करून ठेवली आहे. पुढच्या नूतनीकरणाला तीच दाखवली आणि कुणी पेन्सिल उचलली नाही. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे. पाच वर्षांनी कोण कुठे असेल, दुकान चालू असेल की नाही, सांगता येत नाही. ठाण्याची डायरी मात्र ठाण्यातच राहते.

एक शंका मलाही होती आणि अजून थोडी आहे: ठाण्याच्या कोठीत, मे महिन्याच्या उन्हात, हा माल नीट राहतो का? दुकानदाराची साठवण बहुतेक चांगली असते हे मान्य केलं पाहिजे. पण नष्ट करायचं काम शेवटी त्यातल्या जाणत्या माणसांचंच आहे, आणि ती माणसं जिल्हा पोलिसांकडे असतात. त्यांच्यासाठीसुद्धा ते सोपं नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि ६ माणसं गेली. तो तोफखान्याचा माल, आपला बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचा. दोन्हींची बरोबरी नाही. तरी ज्यांचा तो रोजचा धंदा त्यांच्या हातून असं होतं, तर आपण अंगणात पक्कड घेऊन बसू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

म्हणून माझा कल ठाण्याकडे आहे. तुमचं दुकान जवळ असेल, दुकानदार ओळखीचा आणि नगवार लिहून देणारा असेल, तर तुम्ही वेगळं ठरवाल आणि तेही चूक नसेल. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात, बाळगण्याचा हक्क संपलेला दारूगोळा ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगितलं आहे, म्हणजे दुकानही कायदेशीरच आहे. वडिलांच्या पश्चात कोठीत काडतुसं सापडली तर हे कलम थेट आपल्याला लागू होतं. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्यासोबत संपला. अशा वेळी "हंगाम झाला की नेऊ" म्हणू नका, आणि शेजारच्या परवानाधारकाला परस्पर देऊनही टाकू नका.

ठाण्यात जायचं ठरलं तर आधी फोन करून मुद्देमालाचा माणूस कधी आहे ते विचारा. पहिल्या दिवशी काडतुसं नेऊच नका, नुसता अर्ज घेऊन जा आणि वेळ ठरवून या. अर्ज दोन प्रतींत, साध्या शब्दांत: परवाना क्रमांक, बोअर, एकूण नग, त्यातले खराब कोणते आणि कसे खराब, आणि "नष्ट करण्यासाठी स्वेच्छेने जमा करीत आहे" हे वाक्य. नेताना पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यात, मधे कापड घालून, टोपीवर काही टेकणार नाही अशी. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात नको, कारण पेटलं तर डबाच फुटतो. सकाळच्या गारव्यात निघा, बंदूक घरी ठेवा. तोवर घरात हे खोकं चांगल्या काडतुसांपासून वेगळं, चुलीपासून आणि लेकरांच्या हातापासून दूर, कुलपात.

जंगलात किंवा वावरात घोडा पडून बार न झालेलं काडतूस असेल तर ते लगेच काढू नका. नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कारण उशिरा वाजणारा बारही असतो. मग काढा, त्यावर खूण करा आणि जमा करायच्या खोक्यात टाका. पुन्हा बंदुकीत घालून नशीब बघू नका.

ज्यांना बंदूकच विकायची आहे त्यांनी मात्र दोन्ही एकदम दुकानात न्यावं. एका कामासाठी दोन दारं कशाला? फक्त चिठ्ठी हातात घेण्याआधी मालाचा रकाना वाचा. तिथे "डबा" लिहिलेलं दिसलं तर चिठ्ठी परत करा आणि नग लिहायला सांगा. दुकानदाराला राग येत नाही, मी विचारून पाहिलं आहे.