‘मी सैन्य मागे घेतले आहे’ : एका नेतृत्व कार्यशाळेविषयी

एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी घेतलेल्या दोन दिवसांच्या नेतृत्व कार्यशाळेला मी नुकताच उपस्थित होतो. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला एक वाक्य दुरुस्त करायला दिले आणि त्या दुरुस्तीने मला पुढच्या सगळ्या सत्रांपेक्षा जास्त शिकवले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

५ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरण्याच्या आदल्या दिवशी, सरसेनापती आइझेनहॉवर यांनी एका छोट्या कागदावर पेन्सिलीने चार-पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. मोहीम फसली तर जाहीर करण्यासाठी केलेले ते निवेदन होते. मनावरचा ताण इतका होता की तारखेत जूनऐवजी जुलै पडला. प्रथम त्यांनी ‘सैन्य मागे घेण्यात आले आहे’ अशा धाटणीचे वाक्य लिहिले आणि मग ते खोडून ‘मी सैन्य मागे घेतले आहे’ असे केले. काही दोष असेल तर तो केवळ माझा आहे, असे शेवटी नोंदवले. मोहीम यशस्वी झाली आणि त्या कागदाची गरज पडली नाही.

हे सांगून झाल्यावर कर्नलसाहेबांनी (आम्ही सर्व जण त्यांना असेच संबोधत होतो) प्रत्येकाला आपला एखादा अलीकडचा अहवाल काढून त्यातील ‘करण्यात आले’, ‘होऊ शकले नाही’, ‘राहून गेले’ अशा वाक्यांना कर्ता द्यायला सांगितले. कार्यालयीन मराठीत वावरणाऱ्या माणसाला हे किती अवघड जाते, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. माझ्या अहवालात ‘जुन्या नोंदी नव्या प्रणालीत वेळेत हलवण्यात आल्या नाहीत’ असे वाक्य होते. त्याला कर्ता शोधता शोधता माझ्या लक्षात आले की, ते काम मी कोणाकडेही नेमून दिलेले नव्हते. दोन सहकारी ते दुसऱ्याकडे आहे असे समजून होते आणि दोघांचेही चुकलेले नव्हते. म्हणजे ते वाक्य माझा दोष झाकत होते, आणि त्याच्याबरोबर विलंबाचे खरे कारणही झाकत होते. कर्ता लिहिल्याबरोबर कारण समोर आले.

दुसरे सत्र जबाबदारीच्या दुसऱ्या अंगाविषयी होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील मोहिमेत ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम यांनी असा शिरस्ता ठेवला होता की, आघाडीवरच्या तुकड्यांना अर्ध्या शिध्यावर राहावे लागले तर मुख्यालयानेही अर्ध्या शिध्यावर राहायचे. असे प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून सांगण्याची आपल्याला सवय आहे. येथे मात्र भर त्यामागच्या व्यवहारावर होता : रसद पोहोचवण्याची व्यवस्था ज्यांच्या हातात आहे, त्या तरुण अधिकाऱ्यांच्या पोटात भूक असली की आघाडीचा पूर्ण शिधा लवकर सुरू होतो. आपल्या निर्णयाचा त्रास आपल्यापर्यंत पोहोचेल अशी रचना मुद्दाम करून ठेवावी लागते, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटला.

पहिल्या दिवशी दुपारी वाळूच्या प्रतिकृतीवर सराव झाला. दोन गटांना एकच काम मिळाले : पुराने वेढलेल्या वस्तीपर्यंत साहित्य पोहोचवणे. एका गटाला दोन पानांचा तपशीलवार हुकूम दिला होता, तर दुसऱ्याला फक्त तीन वाक्ये : काय साध्य करायचे, कशासाठी आणि कोणत्या वेळेपर्यंत. मध्येच ‘पूल बंद’ अशी चिठ्ठी आली आणि वरिष्ठांशी संपर्क तोडण्यात आला. पहिला गट बराच वेळ हुकमातील कलमांचा अर्थ लावत बसला. दुसऱ्याने उद्देश पुन्हा एकदा मोठ्याने वाचला आणि लांबचा रस्ता धरला. मी पहिल्या गटात होतो. १८०६ मध्ये येना येथे नेपोलियनकडून झालेल्या दारुण पराभवानंतर प्रशियाच्या सैन्याने ज्या सुधारणा हाती घेतल्या, त्यांतून आणि पुढे प्रशियाचे सेनाप्रमुख थोरले मोल्टके यांच्या काळात, उद्देश सांगून मार्ग हाताखालच्यावर सोपवण्याची ही पद्धत कशी घडत गेली, ते त्यानंतर सांगितले गेले. आधी अनुभव आणि मग इतिहास, हा क्रम अतिशय योग्य होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सरावाचे परीक्षण झाले. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकापासून रुजलेली ही पद्धत चार साध्या प्रश्नांवर उभी आहे : काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय करायचे. येथे एक बंधन घातले होते, की गटप्रमुखाने आपली चूक सर्वांत आधी सांगायची. आमच्या गटप्रमुखांनी ती सांगितल्यावर गटातील सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने, लांबचा रस्ता आपल्याला आधीच दिसला होता पण बोलायचे धाडस झाले नाही, असे कबूल केले. खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

त्यानंतरचे शिस्तीवरील सत्र मात्र निराशाजनक होते. सैन्यात हुकमामागे कायद्याचे बळ असते आणि सैनिकाला मनात येईल तेव्हा नोकरी सोडून जाता येत नाही. नागरी संस्थेत माणूस राजीनामा देऊन निघून जातो. हा फरक कोठेही नीट मांडला गेला नाही. शांततेच्या काळात सैन्य बहुतांश वेळ सरावात घालवते, तर आमच्याकडे प्रत्येक दिवस प्रत्यक्ष कामाचा असतो. मग सरावासाठी वेळ कोठून काढायचा, या माझ्या प्रश्नाला ‘इच्छा असेल तर वेळ मिळतो’ एवढेच उत्तर मिळाले. इतक्या अनुभवी माणसाकडून माझी अपेक्षा याहून मोठी होती. शेवटी वाटलेली टिपणपुस्तिकाही सामान्य सुभाषितांनी भरलेली आहे आणि प्रत्यक्ष वर्गात जे झाले त्याचे तिच्यात प्रतिबिंब नाही.

तरीही, ज्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच माणसे आली आहेत त्यांना मी ही कार्यशाळा आग्रहाने सुचवीन. अनेक वर्षे विभाग सांभाळणाऱ्यांना पहिला दिवस आणि परीक्षणाचे सत्र पुरेसे आहे. जाताना आपला एखादा खरा, कामाचा अहवाल बरोबर न्यावा. आयोजकांच्या सूचनापत्रात त्याचा उल्लेख नव्हता, आणि आमच्यापैकी ज्यांच्याजवळ तो नव्हता त्यांचा तो पहिला तास काल्पनिक वाक्ये दुरुस्त करण्यात गेला.